झाडाची मागची बाजू

नाटकमंडळीत सगळे त्यांना जंगलनाना म्हणत. राजवाड्याचे, रस्त्याचे, दिवाणखान्याचे पडदे कुणीही रंगवलेले चालत. रान हवं असलं की मात्र नानाच लागत. त्यांचा रानाचा पडदा उघडला की नटाने तोंड उघडायच्या आधी टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांपायी मंडळीतल्या मुख्य नटाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि नानांना त्या अबोल्याचा कुठल्याही मानपत्रापेक्षा जास्त अभिमान होता.

पुढे दिवस पालटले. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी उजेडाची चित्रं पाडायची सोय झाली आणि मंडळीला नाना लागेनासे झाले. ते घरी बसले. दिवसभर घरी बसलेला माणूस किती पायांत येतो हे त्यांच्या बायकोने त्यांना आडून आडून सांगून पाहिलं, मग सरळ सांगून पाहिलं. म्हणून प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांचा निरोप आला तेव्हा नानांपेक्षा तिलाच जास्त आनंद झाला.

संचालक पन्नाशीतले, टापटीप, बोलताना हातांनी हवेत चौकटी काढणारे. लहानपणी नानांचं रान पाहून ते खुर्चीवर उभे राहिले होते म्हणे. संग्रहालयात धनेश पक्ष्यांची एक जोडी होती. काळे-पांढरे, गिधाडाएवढे पक्षी, चोचीवर आणखी एक पिवळी चोच उपडी ठेवावी तसं शिंग. त्यांच्यासाठी दोन मजली उंचीची नवी खोली बांधली होती. तीन बाजूंना भिंती, वर जाळी, समोर अख्खी काच. मधोमध झाड पाहिजे होतं. खाली पाण्याची टाकी असल्यामुळे खरं झाड लावायची सोय नव्हती.

"झाड असं करा नाना," संचालक म्हणाले, "की दारातून आत आलेला माणूस जागच्या जागी थबकला पाहिजे."

"थबकेल," नाना म्हणाले.

नानांचा मेहुणा गवंडी होता. त्याला हाताशी घेऊन त्यांनी काम सुरू केलं. सळयांचा सांगाडा उभा केला, त्यावर जाळी बांधली, जाळीवर सिमेंट चढवलं. सिमेंट ओलं असेपर्यंत नानांनी त्यावर साल कोरली. कुठे तारेचा ब्रश, कुठे चमच्याची कड, कुठे चुरगळलेला प्लॅस्टिकचा कागद. मग रंग. सात तऱ्हेचे तपकिरी, त्यावर राखाडी, आणि शेवाळासाठी हिरव्या रंगात कालवलेला लाकडाचा भुसा. मेहुणा तोंडाचा फटकळ होता, पण शेवाळ पाहून त्यानेही बोट लावून वास घेतला.

"दाजी, शपथ सांगतो, ओलं वाटतं हो."

"वाटणारच," नाना म्हणाले.

झाडाला मधोमध एक सुरेख ढोली केली. धनेशाची मादी ढोलीत अंडी घालते, हे संचालकांनी सांगितलं होतं. म्हणून ढोलीचं तोंड काचेकडे. गोल, रेखीव, आतून काळा रंग दिल्यामुळे खोल खोल वाटणारी. झाडाची मागची बाजू भिंतीकडे होती. तिकडे त्यांनी नुसता सिमेंटचा हात मारला. कुठे सळईचं टोक राहिलं होतं, कुठे जाळी दिसत होती. मेहुण्याने विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "नाटकातल्या झाडाला मागची बाजू नसते. तिकडे दिवे लावणारा माणूस बिडी ओढत बसतो."

उद्घाटनाच्या दिवशी माणसं खरोखर दारात थबकली. मागची माणसं पुढच्यांवर आदळली. एका बाईंनी, हे झाड कुठल्या देशातून आणलं, असं विचारलं. नाना अनोळखी माणसासारखे गर्दीत उभे राहून सगळं ऐकत होते. चेहरा कोरा ठेवायची त्यांची धडपड चालली होती आणि ती बायकोला लांबूनही दिसत होती.

मग धनेशांना आत सोडलं. नर फडफड करत उडाला, त्याने झाडाला एक वळसा घातला आणि तो मागच्या भिंतीवरून गेलेल्या पाण्याच्या नळीवर जाऊन बसला. मादी त्याच्यामागोमाग गेली. दोघं शेजारी शेजारी बसले, झाडाकडे पाठ करून.

"बिचकलेत," संचालक म्हणाले. "येतील दोन दिवसांत."

आठवडा गेला, महिना गेला. ते नळीवर बसत, जमिनीवर उतरून पपई खात आणि परत नळीवर जाऊन बसत. झाडाला त्यांनी काडीची किंमत दिली नाही.

नाना रंगाचा डबा घेऊन रोज सकाळी जाऊ लागले. सांगायला कारण हे, की कुठे रंग उडाला असेल तर हात फिरवायचा आहे. रंग कुठेच उडाला नव्हता. पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या बाई हे पाहत होत्या. चाळिशीच्या, धिप्पाड, गमबूट घालून दाण दाण चालणाऱ्या. चार-पाच दिवस असेच गेले. मग एकदा बादली खाली ठेवत त्या म्हणाल्या, "नाना, त्यांना नाही आवडलं झाड."

"आवडायला ते काय प्रेक्षक आहेत?"

"मग कोण आहेत?"

नानांना राग आला. "तुम्हीच सांगा काय खुपतंय ते. तुम्ही त्यांच्यात वावरता."

"मला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "मी त्यांना खायला घालते. मनातलं ओळखायला मी काही त्यांची आई नाही. इथले डॉक्टर म्हणतात ते म्हातारे झालेत. मला वाटतं, ते लहानपणापासून पिंजऱ्यात आहेत, झाड म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नसेल. पण हे आपलं वाटणं झालं."

घरी येऊन नानांनी रंगाचा डबा कोपऱ्यात ठेवला. जेवले नाहीत नीट. बायकोने विचारलं, तेव्हा म्हणाले, "चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. माणूस कितीही अडाणी असला तरी माझ्या पडद्यासमोर दोन क्षण उभा राहायचा."

"अहो, पण माणसाला तुमच्या पडद्यावर जाऊन बसायचं नव्हतं," ती म्हणाली. आणि मग, "एखादं झाड तरी बघून या ना. मी येते वाटलं तर बरोबर. किती दिवस घराबाहेर पडले नाही."

गावाबाहेर, बस जिथे वळून परत फिरायची, तिथे जुन्या झाडांचं एक बन होतं. नाना तरुणपणी तिथे चित्रं काढायला जात. त्यांची पद्धत ठरलेली होती. झाडापासून वीस पावलं लांब उभं राहायचं, डोळे किलकिले करायचे आणि बारीकसारीक सगळं पुसून जे उरेल ते कागदावर घ्यायचं. त्या दिवशीही ते एका मोठ्या झाडापासून लांब उभे राहिले. झाड त्यांना पसंत पडलं नाही. एका अंगाला भलत्याच फांद्या, दुसरं अंग बोडकं, बुंध्याला मध्येच फुगवटा. कुठल्याही दिग्दर्शकाने असलं झाड परत पाठवलं असतं.

बायकोला डोळे किलकिले करायची सवय नव्हती. ती सरळ बुंध्यापाशी गेली आणि सावलीला बसायला जागा शोधत पलीकडे दिसेनाशी झाली.

"अहो, इकडून या," तिची हाक आली. "इकडे गार आहे."

नाना वळसा घालून गेले. मागच्या बाजूला ऊन नव्हतं. साल काळपट, दमट होती, मुंग्यांची रांग चालली होती, आणि बायकोच्या डोक्याच्या वर हातभर एक भोक होतं. गोल नव्हतं. उभं, चिरीसारखं, आणि त्याच्या कडा ओठासारख्या सुजून आत वळलेल्या. कधीकाळी तिथून फांदी मोडली असणार आणि झाडाने ती जखम चारी बाजूंनी मिटवत आणली असणार. नानांनी टाचा उंच केल्या आणि आत हात घातला.

"हात काय घालताय! काही असलं म्हणजे?"

आत काही नव्हतं. भुगा होता, ओलसर आणि थंड. बाहेर अंगाची लाही होत होती आणि कोपरापर्यंतचा हात जणू माठात बुडवला होता. नानांनी तो बराच वेळ आत ठेवला. आयुष्यात त्यांनी हजारभर झाडं रंगवली असतील. झाडाच्या आत हात घालायची वेळ पहिल्यांदाच आली होती. हे त्यांच्या ध्यानात आलं, पण बायकोला ते बोलले नाहीत. तिने मात्र परतीच्या बसमध्ये विचारलं, "हात का हुंगताय सारखा?"

दुसऱ्या दिवशी ते संचालकांकडे गेले. झाडाच्या मागच्या बाजूला नवी ढोली करायची आहे, म्हणाले.

"मागच्या बाजूला? भिंतीकडे?" संचालकांनी हवेत चौकट काढली आणि हात तसेच राहू दिले. "लोकांना काय दिसणार तिकडे?"

"काही नाही."

"मग करायची कशाला?"

 हात थंड लागला, हे काही संचालकांना सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी सरळ थाप मारली. ढोलीचं राहू दे, मागून पाणी मुरतंय, म्हणाले, दुरुस्ती नाही केली तर उद्या झाडच खचेल. संचालकांनी लगेच परवानगी दिली. झाडासाठी ते काहीही करायला तयार होते.

मेहुण्याने छिन्नी-हातोड्याने मागची बाजू फोडली. "आपणच बांधायचं, आपणच फोडायचं," तो म्हणाला. "ताईला सांगा, दाजींना परत नाटकात पाठव." पण काम त्याने चोख केलं. ढोली उंचावर घेतली, तोंड चिंचोळं ठेवलं, कडा आत वळवल्या. आतल्या बाजूला कुठल्याशा पडलेल्या खऱ्या झाडाच्या खोडाचे तुकडे बसवले, तळाला भुसा पसरला. समोरची सुरेख ढोली आतल्या बाजूने लिंपून टाकली. काचेतून ती पूर्वीइतकीच खोल दिसत होती. फांद्यांवर, जिथे पाय टेकतील तिथे, खऱ्या फांद्या तारेने आवळून बांधल्या. शेवटी नानांना राहवलं नाही. नव्या ढोलीभोवती त्यांनी हातभर साल कोरून रंगवली आणि ओठावर थोडंसं शेवाळ चढवलं. कुणी बघणार नव्हतं, तरीही.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. "या," एवढंच म्हणाल्या.

मागच्या भिंतीत बाईंची आत जायची वाट होती. त्या दाराला एक आडवी फट होती. नानांनी फटीला डोळा लावला. मादी ढोलीच्या तोंडाशी लटकून बसली होती. तिने मान आत घातली, बाहेर काढली, परत घातली. मग तिने कडेवरचं शेवाळ चोचीच्या टोकाने खरवडायला घेतलं. एकेक पोपडा उचलायची आणि खाली टाकायची. घरात नवा भाडेकरू आला की आधीच्या माणसाने भिंतीवर चिकटवलेली चित्रं काढून टाकतो, तसं.

"नाना, वाईट वाटून घेऊ नका," बाई हळूच म्हणाल्या.

"गप्प बसा हो," नाना म्हणाले. त्यांचा डोळा फटीवरून हटला नाही.

त्यानंतर चार-सहा दिवसांत मादी आत गेली ती बाहेर आलीच नाही. बाईंनी पाण्याजवळ चिखलाचं घमेलं ठेवलं होतं. नर त्यातल्या गोळ्या चोचीतून नेऊन तिला देऊ लागला. ती आतून त्या गोळ्या, फळांचा गर आणि स्वतःची विष्ठा मिसळून ढोलीचं तोंड लिंपत होती. धनेशाची मादी अशी स्वतःला कोंडून घेते, हे बाईंनी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं मात्र कधीच नव्हतं. अंडं घालायचं, उबवायचं, पिल्लू वाढवायचं, सगळं आत. एक उभी फट तेवढी ठेवायची, आणि त्या फटीतून नराने दिवसभर भरवायचं. नर मेला तर आतली सगळी मेली.

मेहुणा मुद्दाम बघायला आला. त्याने बराच वेळ दाराच्या फटीला डोळा लावला. मादी चोचीची बाजू सपाट धरून चिखलावर थापट्या मारत होती. डावीकडून उजवीकडे, मग खालून वर.

"गिलाव्याचा हात आहे," तो शेवटी म्हणाला. त्याच्या तोंडात हे कौतुक सहसा येत नसे. "दाजी, तुमच्या सालीवर काय बसलाय बघा तो. सांधा कुठाय, दाखवा मला."

सांधा खरंच दिसत नव्हता. नानांनी सात तऱ्हेचे तपकिरी कालवले होते. तिचा रंग आठवा होता.

काचेपलीकडच्या लोकांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना एक सुरेख झाड आणि एकच पक्षी दिसे. तो अंजीर गळ्यात भरून झाडामागे जाई आणि रिकामा परत येई. दुसरा मेला का, असं लोक विचारत. संचालकांनी नानांना बोलावून घेतलं. दुरुस्तीच्या नावाखाली मागे ढोली झाली, हे एव्हाना त्यांना कळलं होतं.

"पाणी मुरत होतं ना?" ते म्हणाले.

"थाप मारली," नाना म्हणाले.

संचालकांनी चौकट काढायला हात उचलले आणि खाली घेतले. पण अंडं असण्याची शक्यता होती, आणि कुठल्याही संग्रहालयाला अंडं वर्ज्य नसतं. त्यांनी विषय वाढवला नाही.

मग उन्हाळा कडकडीत पडला. वरच्या जाळीवर छप्पर नव्हतं आणि ऊन दुपारी सरळ झाडावर उतरे. एकदा भर दुपारी बाईंनी बुंध्याला सहज हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. नर फांद्या सोडून भिंतीच्या सावलीत चोच उघडी टाकून बसला होता. त्याला सावली तरी होती. आत कोंडलेलीला तीही नव्हती.

डॉक्टर आले, मेहुणा आला, नाना आले. तोंड फोडून तिला बाहेर काढावं, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. बाई म्हणाल्या, फोडलं तर ती अंड्याकडे ढुंकून बघणार नाही. त्यात आत गेल्यावर तिने पंखांतली पिसंही गाळली असणार, उडणार कशी? डॉक्टर म्हणाले, नाही फोडलं तर शिजून मरेल. दोघांचंही खरं होतं. नाना बुंध्याभोवती फिरत होते, ठिकठिकाणी तळहात टेकत होते. सिमेंट तापतं, हे कुणाही शेंबड्या पोराला ठाऊक असतं. खरं झाड मुळांनी वर पाणी ओढतं म्हणून आतून गार राहतं. त्यांच्या झाडात पाणी नव्हतं. साल होती फक्त, आणि तीही रंगाची.

"गोणपाट आणा," ते म्हणाले. "मिळेल तितकं. आणि पाण्याची नळी."

शेंड्यापासून खालपर्यंत त्यांनी आणि मेहुण्याने झाड गोणपाटात गुंडाळलं. मागची फट तेवढी मोकळी ठेवली. वरून पाणी सोडलं. गोणपाट भिजून काळं पडलं, आणि अर्ध्या तासात बुंध्याचा चटका कमी झाला. ते सुकू लागलं की पुन्हा पाणी. समोरून बघणाऱ्याला आता झाड राहिलंच नव्हतं. एक ओलं, बेढब गाठोडं उभं होतं.

संचालक धावत आले. "हे काय चाललंय? लोक हे झाड बघायला येतात, नाना! तुमचं झाड!"

"माझं आहे ना? मग झाकतो."

"ते संग्रहालयाचं आहे."

"असेल," नाना शिडीवरूनच म्हणाले. "संग्रहालयाचंच पाणी मारतोय."

बाईंनी मध्ये तोंड घातलं. "साहेब, ती आत मेली तर उद्या वर्तमानपत्रवाले विचारायला तुमच्याकडे येतील. माझ्याकडे कोण येतंय?" संचालकांनी रुमालाने कपाळ टिपलं आणि काचेवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लावायला सांगितलं. त्या पाटीत तसं खोटं काही नव्हतं.

तो सगळा उन्हाळा नाना रोज आले. रंग घराच्या बाहेरच्या भिंतींना देतात तसला होता, पाणी झेलणारा. पण असं दिवसरात्र ओल्याखाली राहायला तो केलेला नव्हता. आधी शेवाळ सुटलं. गोणपाटाखालून हिरव्या पाण्याचा ओघळ निघाला आणि फरशीवरून मोरीकडे गेला. मग राखाडी. मग एकेक तपकिरी, फिकट आधी, गडद शेवटी. भुशाचे कण जाळीत अडकत, ते बाई झाडूने काढून टाकत.

"दाजी, तुमचं रान मोरीत चाललं," मेहुणा म्हणाला. त्याला थट्टा करायची होती, पण आवाज तसा निघाला नाही.

"वरून मार पाणी," नाना म्हणाले. "डावीकडे सुकलंय."

बायकोने एकदा डबा आणून दिला तेव्हा ते पाणी तिनेही पाहिलं. नानांचं शेवटचं मोठं काम होतं ते, हे तिला ठाऊक होतं.  घरी गेल्यावर नानाच म्हणाले, "तो गडद रंग मात्र अजून धरून आहे."

ऊन ओसरायला लागलं त्या सुमारास एका सकाळी ढोलीच्या फटीतून आवाज आला. मादीच्या घोगऱ्या आवाजाच्या मध्येच दुसरा, बारीक, चिरका. बाईंनी बादली तशीच टाकली आणि नानांचा हात इतक्या जोरात दाबला, की तो दोन दिवस दुखत होता. नर अंजीर घेऊन आला. चोचीच्या टोकात धरून त्याने ते फटीत सारलं, गळ्यातून आणखी एक वर काढलं, तेही सारलं. मग तिसरं. त्याची पिसं विस्कटली होती आणि तो चांगलाच वाळला होता.

पुढे काही आठवड्यांनी मादीने स्वतःच गिलावा फोडला. चोचीने आतून घाव घालत ती बाहेर पडली, मळकट, शेपटी चुरगळलेली. धडपडत उडाली आणि खऱ्या फांदीच्या तुकड्यावर जाऊन टेकली. ढोलीचं तोंड उघडं पडलं. पिल्लू आत एकटं राहिलं.

"आता हे पडणार खाली," नाना म्हणाले.

पण पिल्लाने फुटलेल्या गिलाव्याचा एक तुकडा चोचीत घेतला. तो त्याने कडेला लावला, आणि चोचीची बाजू सपाट धरून त्यावर थापट्या मारल्या. डावीकडून उजवीकडे, मग खालून वर. तुकडा पडला. त्याने दुसरा घेतला. संध्याकाळपर्यंत अर्धं तोंड मिटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी फटीपुरती जागा उरली होती. काम ओबडधोबड होतं, सांधे दिसत होते.

"याला कुणी शिकवलं?" नानांनी विचारलं. "आईने आत शिकवलं असेल?"

"काय माहीत," बाई म्हणाल्या. "तिने लिंपलं तेव्हा हे अंड्यात पण नव्हतं."

नाना दाराशी स्टुलावर बसून राहिले. त्यांना स्वतःला फांदीचा पहिला वळसा जमायला तीन वर्षं लागली होती आणि त्यासाठी मंडळीतल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या हातचा मारही खावा लागला होता. त्यांना हेवा वाटला की काय, हे त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. पण त्या दिवशी घरी त्यांनी बायकोला सगळं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा हाताने थापट्या मारून दाखवत.

पिल्लू बाहेर आलं ते एका ढगाळ दुपारी. नाना त्या वेळी तिथे नव्हते. दात काढून घ्यायला गेले होते. बाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडात कापूस होता आणि त्यांना नुसतं "हं हं" करता आलं.

गोणपाट उतरवलं तेव्हा संचालक, मेहुणा, डॉक्टर सगळे जमले होते. झाड उघडं पडलं. सिमेंट जागोजाग उघडं होतं. कोरलेली साल होती, पण रंग फक्त खाचांत उरला होता. खालच्या अंगाला, सतत ओल राहिल्याने, खरं शेवाळ धरलं होतं, चार बोटं रुंदीचा एक पट्टा. त्याचा हिरवा रंग नानांच्या हिरव्याएवढा हिरवा नव्हता. फांद्यांवर विष्ठेचे पांढरे ओघळ होते, आणि एका फांदीवर तिघं बसले होते. पिल्लू मध्ये.

"पुन्हा रंगवून घेऊ," संचालक म्हणाले. "पहिल्यासारखं."

"रंगवू," नाना म्हणाले. ते कलावंत होते, आणि ते झाड तसं त्यांना बघवत नव्हतं. "पण आता नाही. रंगाचा वास पिल्लाला सोसायचा नाही. होऊ दे मोठं."

पिल्लू मोठं झालं. मग मादी पुन्हा ढोलीशी घुटमळू लागली, त्यामुळे रंगवणं आणखी लांबलं. लोक येत होते. दारात कुणी थबकत नसे. पण आत आलेले लवकर बाहेरही पडत नसत, पिल्लू उडायला शिकताना बघत काचेला नाक लावून उभे राहत. संचालकांनी ते हेरलं. त्यांनी नानांना परत बोलावलं आणि हवेत एक मोठी चौकट काढली.

"अस्वलासाठी गुहा करायची आहे. खडक, कपारी, वरून पाणी पडतंय, असं. तुम्हीच करा."

"अस्वल कुठंय?"

"आहे जुन्या पिंजऱ्यात. का?"

"आधी ते बघतो," नाना म्हणाले. "गुहेचं मग."

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन गेले. जुन्या पिंजऱ्यासमोर एक बाक होता. तिने पिशवीतून विणकाम काढलं, नानांनी चष्मा पुसला. अस्वल एका कोपऱ्यात पुढच्या पंजांनी जमीन उकरत होतं. थांबायचं, हुंगायचं, परत उकरायचं. तिथे मातीखाली फरशी होती आणि नखांचा आवाज येत होता.

"काय शोधतंय हो ते?" बायकोने दोन टाके घालून विचारलं.

"माहीत नाही," नाना म्हणाले, आणि बाकावर जरा पुढे सरकून बसले.